काचेच्या पेटीतला दगड

त्या पंथाच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायला त्यांच्यातलं कोणी मिळेना, म्हणून मला ठेवलं. मी बाहेरचा. जेवायला माझा बाक वेगळा.

आत्या चादरींच्या गरम रोलरवर होती. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. कड बोटभर सरकली तरी ती आख्खी घडी मोडायला लावी. "देव माफ करील, गिऱ्हाईक नाही करणार," म्हणायची. असं चोख काम मी फार कमी ठिकाणी पाहिलं.

रोलरपुढे एक दांडी असते. हात तिला लागला की यंत्र थांबतं. चादरी भराभर निघाव्यात म्हणून पंथाच्या प्रमुखांनी, थोरल्यांनी, ती काढायला लावली. पुढे आत्याची बोटं भाजली, वाकडी झाली. ती गप्प राहिली. पण सोमवारपासून रोलरवर तिची भाची उभी राहणार असं ठरलं, तेव्हा तिने सभेत दांडी परत मागितली.

सभा धुलाईखान्यातच भरे. कोणी तक्रार केली की थोरले काचेची पेटी आणवत. आत एक दगड. फार पूर्वी लोकांनी पंथाच्या घरांवर दगडफेक केली होती, त्यातला. ती घटना खरीच. सगळे रांगेने दगड कपाळाला लावत, रडत. मग तक्रार पुढे न्यायची कोणाची छाती होत नसे.

त्या दिवशीही पेटी आली.

"जग आपल्या मुळावर उठलंय," थोरले म्हणाले. "आता आपलीच माणसं त्यांची भाषा बोलायला लागली. हे तुला त्या बॉयलरवाल्याने शिकवलं ना?"

"त्याला कशाला मध्ये ओढता? बोटं माझी भाजली."

"दगड लाव कपाळाला."

"लावते. मग दांडी बसवाल?"

पंथाने बाहेर काढलं असतं तर तिला जायला जागा नव्हती.

तेवढ्यात तिची सासू उठली. दोघींचं कधी पटलं नाही, हे बॉयलरच्या आवाजातही मला ऐकू यायचं. म्हातारीने दगड हातात घेतला.

"हा माझ्या बापाच्या डोक्यात बसला. रक्त मी पुसलं. तू तेव्हा पाळण्यातही नव्हतास रे. बापाने मार खाल्ला तो पोरींचे हात भाजायला नाही. सून माझी फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. दांडी लाव. आणि हा ठेव आत, उठसूट काढून गुळगुळीत केलात."

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"मी दांडीशिवाय उभी राहणार नाही," भाची म्हणाली. तिच्या शेजारणीही मग तेच म्हणाल्या.

"बघू," थोरले म्हणाले.

मी थांबलो नाही. दांडी बॉयलरमागे होती, गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलेली. लगेच बसवली. आत्याने वाकड्या बोटांनी बोल्ट चाचपले.

"हा ढिला आहे."

होता. पुन्हा आवळला.

आत्या शेवटपर्यंत पंथातच राहिली. पेटी पुढेही यायची. लोक दगड कपाळाला लावत आणि मग आपली तक्रार पुरी करत.