आखूड पडलेलं तिसरं पान

डिंकमावशीच्या हाताला वास येतो तो खळीचा, डिंकाचा नाही. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं ते ठेवलं. चौतीस वर्षं ती बाइंडिंग करते. शाळांचे हजेरीपट, दवाखान्यांच्या नोंदवह्या, वकिलांच्या फायली, कुणाच्या तरी आजोबांची पानं सुटलेली डायरी. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. दारातून आत शिरलं की आधी कटिंग मशीनला वळसा घालावा लागतो, मग माणसं दिसतात. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचा गुडघा मशीनवर आपटला आणि मावशीने आधी मशीनला काही झालं नाही ना ते पाहिलं, असं तिची मुलगी अजून सांगते.

तिला एक खोड आहे. हातात दोनापेक्षा जास्त कागद आले की ती ते टेबलावर ठोकते. उभे धरून दोनदा, आडवे धरून दोनदा. कडा एका रेषेत आल्याशिवाय तिला पुढचं काही सुचत नाही. "विजेची बिलंसुद्धा आधी ठोकते आणि मग वाचते," असं तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

नवऱ्याला सगळे घंटाकाका म्हणतात. शाळेत शिपाई होता. एकतीस वर्षं त्याने घंटा दिली आणि एकदाही मिनिटभर पुढेमागे झाली नाही. निवृत्त झाल्यावरही रोज दुपारी शाळेत जाऊन जुन्या मंडळींबरोबर चहा प्यायचा. कुणाचे पाच उसने घेतले तर संध्याकाळच्या आत परत देणारा हा माणूस. याच्या नावावर नोटीस आली.

नोटीस वसुली कंपनीची. अकरा वर्षांपूर्वी आपण ऐंशी हजारांचं वैयक्तिक कर्ज घेतलंत, ते व्याजासह एक लाख चौऱ्याण्णव हजार झालं आहे, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर घरातली चीजवस्तू जप्त करू. चीजवस्तू म्हणजे काय, हे सांगायला कुणी नको होतं. घरात किंमत येईल अशी वस्तू एकच आणि तिला वळसा घालूनच घरात शिरावं लागतं. सोबत कराराच्या तीन पानांची झेरॉक्स होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी घंटाकाकांची सही होती, हुबेहूब, शेवटी फाटा ओढलेली.

"अहो, कर्ज कधी काढलंत?" मावशीने विचारलं.

"नाही गं काढलं." त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "पण सही तर माझीच आहे."

इथेच खरा घात झाला. मावशी नोटिशीला घाबरली नाही. ती घाबरली ती नवऱ्याचा चेहरा बघून. दोन दिवसांनी तो म्हणाला, "काढलंही असेल. विसरलो असेन. वय झालं." ज्याची एकतीस वर्षांत घंटेची वेळ चुकली नाही त्याला एका कागदाने स्वतःवरचा विश्वास सोडायला लावला.

आणि कंपनी गप्प बसते थोडीच! दिवसाला सात-आठ फोन. घंटाकाकांनी फोन बंद केला तर शेजाऱ्यांना फोन. "तुमच्या शेजारचे गृहस्थ कर्जबुडवे आहेत, कल्पना असू द्या." शेवटी शाळेत फोन गेला. मग काकांनी शाळेत जाणं सोडलं आणि मशीनच्या मागे स्टुलावर बसून राहू लागले, बाहेरून दिसू नये म्हणून. यांना हा हक्क दिला कुणी? चोरसुद्धा घरात शिरल्यावर आवाज करत नाही. हे चावडीवर उभं राहून ओरडत होते, वर सभ्यपणाचा शर्ट घालून.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या फायली ती बांधायची त्या वकीलबाईंनी सांगितलं, "लेखी मागा. मूळ करार दाखवा म्हणावं. आणि तोपर्यंत एक पैही भरू नका, भरली की कर्ज कबूल केलं असं ते म्हणणार." मावशीने पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पत्र स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. उत्तरादाखल दुसरी नोटीस आली. मग एका गुरुवारी, दुकानाला कुलूप लावून, चपला बदलून, ती त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली.

बाहेरच्या बाकांवर तसलेच लिफाफे घेतलेली आठ-नऊ माणसं होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाऊण तासाने तिला आत बोलावलं. साहेब पन्नाशीचा, गोड बोलणारा.

"बसा मावशी. चहा घेणार?"

"मावशी म्हणू नका. तुमच्या आईची मी कुणी लागत नाही. मूळ करार दाखवा."

"दाखवतो की. पण आता त्याची गरज काय?" त्याने एक पावती पुढे सरकवली. "तुमच्या मिस्टरांनी मंगळवारी येऊन दोन हजार भरले. म्हणजे कर्ज मान्य आहे त्यांना. चांगले गृहस्थ आहेत."

मावशीने पावती पाहिली. मंगळवारी ती नोंदवह्या पोचवायला गेली होती. दोन हजार. चष्म्यासाठी बाजूला काढलेले दोन हजार. "चष्मा काय, पुढच्या वर्षी करू, जुन्याने दिसतंय की," असं काका परवाच म्हणाले होते. तिला एकदम रडू आलं आणि या माणसासमोर रडायचं नाही म्हणून तिने दात आवळले.

"मूळ करार," ती म्हणाली. "दोन पत्रं दिलीत. पोच आहे माझ्याकडे."

साहेबाने उसासा टाकून कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तीन पानं तिच्या हातात दिली. झालं. तीन कागद हातात आले आणि मावशीने, वाचायच्या आधी, ते उभे धरून टेबलावर ठोकले. दोनदा.

दोन पानं वर राहिली. तिसरं त्यांच्या आत बोटभर खाली गेलं.

तिने पुन्हा ठोकले. पुन्हा तेच. मग तिने तिसरं पान वेगळं काढलं आणि त्याच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. झेरॉक्समध्ये सगळी पानं सारखीच पांढरी आणि सारखीच लांब असतात. मूळ पानं हातात घेतल्यावर फरक लपत नाही.

"हे वरून कापलंय," ती म्हणाली. "कात्रीने. तेही वाकडं. माझ्याकडे कुणी असं कापलं असतं तर मी दुपारचं जेवण दिलं नसतं."

"अहो, स्कॅनिंग करताना कधीकधी..."

"स्कॅनिंगला कात्री लागते? आणि ही पहिली दोन पानं अकरा वर्षांची? पांढरीशुभ्र? तिसरं पिवळं पडलंय बघा. कोपऱ्यात टाचणीचा गंज आहे. दोन भोकं. पहिल्या दोन पानांना भोकं कुठे आहेत? टाचणी काय फक्त तिसऱ्यालाच टोचली?"

मावशीला आता आठवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हप्त्यांवर फ्रिज घेतला होता. बारा हप्ते, बाराही वेळेवर. फ्रिजवाल्याचं दुकान पुढे बंद पडलं, त्यांचे जुने कागद कुणी कुणाला विकले देव जाणे. त्यातलं सहीचं पान काढायचं, वरचं दुकानाचं नाव उडवायचं आणि पुढे आपली दोन पानं लावायची. करून बसले होते हे.

"ठीक आहे," साहेब हळू आवाजात म्हणाला. "केस बंद करतो आम्ही. तुम्ही निवांत घरी जा."

"लिहून द्या."

"अहो, तोंडी सांगतोय ना!"

"फोन तोंडी केलेत म्हणून तर हे झालं." मावशी उठली, तिन्ही पानं हातातच ठेवून दारात गेली आणि दार सताड उघडून बाकांवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मूळ कागद मागा रे सगळ्यांनी! हातात घेऊन बघा. झेरॉक्सवर जाऊ नका!"

सगळ्या माना एकदम वर झाल्या. एक बाई लिफाफा घेऊन उठलीच. "माझं बघता का हो?"

पुढचं काम अर्ध्या तासात झालं. कोणतंही येणं नाही असं पत्र, शिक्क्यासह. दोन हजार परत. तिसऱ्या पानाची रंगीत प्रत, त्यावर साहेबाची सही. त्या बाईनेही तिथेच मूळ करार मागून घेतला आणि तिचं सहीचं पान मावशीने पाहिलं. तेही आखूड होतं. तिला तिने वकीलबाईंचा पत्ता दिला.

घरी काका स्टुलावरच होते. मावशीने पत्र आणि पैसे त्यांच्या मांडीवर ठेवले. पैसे बघून त्यांनी मान खाली घातली.

"रागावलीस?"

"रागावले. पण तुमच्यावर नाही. सही तुमचीच आहे, फ्रिजच्या कागदावरची. तुम्ही काही विसरला नव्हतात."

काकांनी पत्र दोनदा वाचलं, जुन्याच चष्म्याने. मग उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. आधी शाळेत गेले. तिथून परत येऊन, ज्या ज्या घरी फोन गेला होता त्या अकरा घरांची दारं त्यांनी वाजवली आणि प्रत्येकाला पत्र वाचायला दिलं. मावशी सोबत होती. प्रत्येक दारात तेच उत्तर मिळालं. "काहीतरीच काय काका! आमचा कुठे विश्वास बसला होता? आम्हाला माहीतच होतं."

काका दरवेळी हसून हात जोडत होते. दहा घरं मावशीने कशीबशी सोसली. अकराव्या दारात तिच्याने राहवेना.

"माहीत होतं ना?" ती म्हणाली. "मग तीन आठवडे हे स्टुलावर बसून होते. एकानेही येऊन तेवढं का सांगितलं नाही?"

दारातल्या माणसाने पत्राकडे पाहिलं, पुन्हा वाचत असल्यासारखं. काकांनी ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.