दिवा वाढव

माझी थोरली लेक दिवा सांभाळायची नोकरी करते, असं मी शेजारणींना सांगायचे. त्यात फारसं खोटं नव्हतं. हवा काढून घेतलेली लोखंडी टाकी, तिच्यात करंगळीएवढी नळी. नळी लालबुंद तापवून गॅस सोडला की तोंडाशी निळसर जाळ धरतो. तिचे साहेब नळीला कॅथोड म्हणतात, जाळाला प्लाझ्मा. अवकाशयान ढकलणारं इंजिन त्याच्यावर पेटतं. पण त्या जाळातलेच कण उलटे फिरून नळीचं तोंड कुरतडतात.

"म्हणजे पोटचाच जाळ आईचे ओठ खातो," मी म्हणाले.

"माझ्यावरून उदाहरणं नकोत," थोरली म्हणाली.

दीड वर्ष सलग जाळून तोंड किती झिजतं ते पाहायचं होतं. मध्येच बिघडलं तर पहिल्यापासून, आणि तिच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. चौदा महिने ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. मोजणीच्या दिवशी नळीचं भोक केसभर मोठं निघालं तर घरी जेवायची नाही.

माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती माझ्यापाशी होती. टाकीवर नवा पंपवाला, पन्नाशीचा, भला माणूस. त्याचा फोन आला, पंप घरघरतोय, टाकीत हवा शिरतेय. ही घाईत म्हणाली, "दिवा वाढव, मी येते."

आता आमच्या घरात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान वाढवतात, बांगडीही फुटत नाही, वाढते. अशुभ बोलू नये म्हणून मीच तिला लहानपणी दटावून शिकवलेलं. पंपवाल्याच्या घरी तसं कुणी शिकवलं नव्हतं. त्याने खरंच वाढवला. वीज शेवटच्या खुणेपर्यंत नेली आणि तिची वाट बघत बसला.

ती पोचायला तीन तास लागले. चौदा महिन्यांत झिजलं नव्हतं तेवढं तोंड तेवढ्यात झिजलं, हवेने नळी आतूनही मेली. पुन्हा पेटलीच नाही.

चौकशीत पंपवाला म्हणाला, ताईंनी वाढव म्हटलं, मी वाढवला. थोरलीने चूक आपली असं लिहून दिलं. नवी नळी दुसऱ्याच्या हाती गेली, हिला सामानाच्या खोलीत बसवलं.

डोळा छान झालाय माझा. तिचा चेहरा स्पष्ट दिसतो, तेवढीच अडचण.

काल स्वयंपाकघरातून उठताना सवयीने बोलून गेले, दिवा वाढव गं. बटणावर हात ठेवून ती थांबली.

"आई, विझव म्हण."

म्हणाले. जीभ अडखळली, पण म्हणाले. मग तिने विझवला.