शफीक सरांचं दोन हजार सहा

फोन रजियाभाभींचा होता. मी अकोल्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते. "सिस्टर, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेले?" ... असा प्रश्न मी का विचारला, हे मला अजून कळत नाही. सर कायम कुठंतरी गेलेलेच असायचे. कधी मूर्तिजापूरला, कधी दर्यापूरला, कुणाला तरी गाठायला. भाभी म्हणाल्या, "अल्लाच्या घरी, बाई." मिळाली त्या गाडीनं बडनेऱ्याला पोचले तेव्हा मय्यत उठली होती. अंगणात भाड्याच्या खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या. सरांचं शेवटचं तोंड काही पाहायला मिळालं नाही.

शफीक सर इतिहासाचे शिक्षक. मी नर्सबाई, आता निवृत्त. दोन हजार सहा साली आम्ही दोघं मूर्तिजापूरकडच्या एका गावात नोकरीला होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उपकेंद्राचं क्वार्टर गळायचं म्हणून मी एका घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते, आणि शेजारच्या खोलीत सर. मध्ये एकच भिंत, पुढं एकच ओसरी. त्यांचं बिऱ्हाड बडनेऱ्याला होतं. शनिवारी पॅसेंजरनं जायचे आणि सोमवारी भाभींनी दिलेला डबा घेऊन यायचे, त्यात माझाही वाटा असे. ते मला सिस्टर म्हणायचे. नर्स म्हणून सिस्टर की बहीण म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षाबद्दल काय सांगावं? सगळं एकदम अंगावर आलं. कपाशीनं दगा दिला होता आणि आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावातून कुणी जीव दिल्याची बातमी यायची. दिल्ली-मुंबईचे कॅमेरेवाले यायचे, त्यांच्या मागून पुढारी. शिक्षकांना घरोघर फिरून फॉर्म भरायचं काम लागलं, सरांनाही. त्यातच ताप आला. चिकनगुनिया हा शब्द तोवर गावात कुणी ऐकला नव्हता. ऐन निंदणाच्या दिवसांत अख्खं गाव भिंती धरून चालत होतं. दिवाळीनंतर अमरावतीत मोर्चे, दगडफेक, संचारबंदी. सरांची दोन लेकरं तिकडं शिकत होती, तर सर दोन दिवस एसटीडीच्या बूथवरून हलले नाहीत. एका वर्षात एवढं सगळं बसतं तरी कसं, असं आता वाटतं. की मीच दोन-तीन वर्षांचं एकत्र करून टाकलं? सर असते तर त्यांनी सांगितलं असतं.

कारण निवृत्त झाल्यावर सरांनी हेच काम घेतलं. एका वर्षाचा इतिहास लिहायचा, आणि ज्याच्या त्याच्या तोंडून लिहायचा. लांब रजिस्टर पिशवीत घालून एसटीनं फिरायचे आणि माणसं धरून विचारायचे, "त्या साली तुमी काय करून राहिले होते?" कुणाला वेड लागल्यासारखं वाटे. मीही एकदा म्हटलं, "सर, सगळं पेपरात आलं की तेव्हा. आता पुन्हा काहून?" ते हसले. "सिस्टर, पेपरात एकच साल आलं. लोकाइच्या घरात वेगवेगळं आलं होतं."

आणि खरंच होतं ते. मंडपवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, "खोटं काहून बोलू सर, माह्यासाठी चांगलं साल होतं. लय पाहुणे आले." फोटो स्टुडिओवाला म्हणाला होता की मतदान ओळखपत्रावरचे फोटो मोठे करून करून त्याला ती तोंडं पाठ झाली होती. हार घालायला घरात दुसरा फोटोच नसायचा. रस्त्यात भेटली असती तर नावानं हाक मारली असती, पण भेटणार कुठून... सर हे सगळं शब्दाला शब्द उतरवून घ्यायचे. स्वतःचं मत कुठंच लिहायचे नाहीत.

माझ्याकडेही ते आले होते, अकोल्याला. मी चहा ठेवला आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. मला ठाऊक होतं ते कशाबद्दल विचारणार. कमलबद्दल.

कमल मजुरीला जाणारी, पंचविशीची बाई. पहिलटकरीण, आठवा महिना, आणि अंगात तोच ताप. पावसानं नाल्याला पाणी चढत होतं, त्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मी सरांना सांगितलं ते असं : माझ्याही अंगात ताप होता, गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. कमलची सासू यमुनाबाई बोलवायला आली. मी उठले, भिंती धरत निघाले. देवळापाशी चिखलात माझी चप्पल तुटली, ती हातात घेऊन अनवाणी गेले. घराजवळ पोचले तर गावातल्या बबनची जीप कमलला घेऊन नाल्याच्या वळणावर दिसेनाशी होत होती. मूर्तिजापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला, तो गेला. कमल वाचली. नंतर मात्र ती माझ्याशी कधी बोलली नाही. रस्त्यात दिसली की पदर ओढून वळायची. मी आणखी थोडी लवकर उठले असते तर... हे मी वर्षानुवर्षं स्वतःला म्हणत आले, आणि त्या दिवशी सरांसमोरही म्हटलं.

सर मान खाली घालून लिहीत होते. मध्ये फक्त एकदा थांबले. "चप्पल कोणत्या पायाची तुटली, सिस्टर?"

"डाव्या."

त्यांनी 'डाव्या' लिहिलं, चहा प्याले आणि उठले. जिना उतरताना एकदा मागं वळून पाहिलं, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखं. मग म्हणाले, "येतो. गाडी चुकेल."

सरांच्या चाळिसाव्या दिवशी पुन्हा बडनेऱ्याला गेले तेव्हा भाभींनी आठ रजिस्टरं माझ्यापुढं ठेवली. "हे तुमी घेऊन जा, सिस्टर. इथं पोरं रद्दीत घालतीन." मग हलकेच म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याले विचारलं त्याइनं. मले नाही विचारलं कधी, त्या साली तू काय करून राहिली होती म्हणून." मी विचारलं, "काय करत होता भाभी?" त्या म्हणाल्या, "वाट पाहत होते, आणखी काय."

रजिस्टरं मी घरी वाचायला घेतली आणि पाचव्यात माझी ती सकाळ सापडली. एकट्या माझी नाही, आणखी चार जणांची. जीपवाला बबन सांगतो, 'नर्सबाई मागच्या सीटवर होत्या. कमलचं डोकं त्याइच्या मांडीवर होतं. मुलगा झाला.' मी जीपमध्ये बसल्याचं मला अजिबात आठवत नाही. औषधवाला सांगतो की मी त्या सकाळी त्याच्या दुकानात तापाच्या गोळ्या न्यायला आले होते आणि बराच वेळ बाकावर बसून होते. यमुनाबाईचं आणखी वेगळं, 'नर्सबाईचं दार बंद होतं. मी वाजवलं नाही. मास्तरनं वाजवू देलं नाही.'

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि पान उलटलं. चौथी साक्ष सरांची होती. सगळ्या रजिस्टरांत त्यांची स्वतःची अशी तेवढीच.

'त्या सकाळी यमुनाबाई आधी माझ्या दाराशी आल्या. सिस्टरना उठवा म्हणाल्या. सिस्टरना आदल्या दिवसापासून फार ताप होता, भिंतीतून कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, त्यांना उठवू नका, चौकात बबनची जीप उभी आहे, कमलला थेट मूर्तिजापूरला न्या. सिस्टर दुपारपर्यंत झोपलेल्या होत्या. मी हे बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. सिस्टर सोबत गेल्या असत्या तर काय झालं असतं, याला कोणी साक्षीदार नाही.' आणि खाली पेन्सिलीनं, 'सिस्टरना सांगायचं आहे.'

मी रजिस्टर मिटलं. राग आला का? आला. एवढी वर्षं मी जे ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच, आणि या माणसाला ते ठाऊक होतं. माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन त्यानं 'डाव्या' लिहून घेतलं. पण मग लगेच वाटलं, त्यानं मला झोपू दिलं होतं. तापानं फणफणलेल्या शेजारणीला उठवू नका म्हणणारा माणूस वाईट कसा? आणि मी झोपले होते, तर तो चिखल कुठला? अनवाणी पायाला लागलेला तो गारवा मला आत्ताही जाणवतो. तो दुसऱ्या कुठल्या बाळंतपणाचा, दुसऱ्या पावसाळ्याचा होता का? की माझ्या मनानंच मला बिछान्यातून उठवून चालायला लावलं? सरांचं तरी खरं कशावरून? त्यांनाही तेव्हा ताप येऊन गेलाच होता...

पुढचं पान कोरं होतं. वर फक्त नाव, कमल, आणि पत्ता. बडनेरा, स्टेशनच्या पलीकडं. म्हणजे सरांच्या घरापासून पायी पंधरा मिनिटं. एका कंडक्टरला गाठायला दर्यापूरपर्यंत तीन चकरा मारणारा माणूस या पंधरा मिनिटांच्या रस्त्यानं कधी गेला नाही.

मी गेले. सकाळी दहाची वेळ, पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस. शेती सोडून कमलचा नवरा स्टेशनवर पार्सल चढवायच्या कामाला लागला होता, दोन्ही पोरं कॉलेजात. ती हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. केस अर्धे पांढरे. मला तिनं ओळखलं, पण उठली नाही. म्हणाली, "बसा बाई."

मी जे आलं ते सगळं सांगितलं. सर गेले, त्यांची रजिस्टरं, त्या सकाळचे इतके जण, इतक्या तऱ्हा. शेवटी विचारलं, "कमल, मी आले होते का गं त्या दिवशी?"

तिची बोटं भाजीत फिरत राहिली. "मले काय मालूम बाई. मी डोये मिटून होते. डोक्यावर कोणाचा तरी हात होता. तुमचा होता का बुढीचा, देव जाणे."

"मग तू माझ्याशी बोलायची का थांबलीस?"

"राग होता लय. कोणावर होता, ते आता ध्यानात नाही." मग ती म्हणाली, "त्या मास्तरले मी स्टेशनवर पाहत जाऊ. मले पाहिलं का दुसऱ्या फाटकानं जाय. मले वाटे, ह्याले माहा काय भेव?"

मी रजिस्टर उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं सावकाश, अक्षरावर बोट ठेवत बबनचं पान वाचलं, मग माझं. आणि मान वर केली. "मुलगा काहून लिहिलं?"

"मुलगाच ना..."

"पोरगी होती बाई. सकायची झाली, दिवे लागायच्या आंधी गेली. दिवसभर माह्याजवळ होती." तिचा आवाज चढला नाही. "दवाखान्यानं कागदावर 'कमलचं बाळ' लिहून देलं. एवढे लोक बोलले या वहीत, जीप कोणाची होती ते सांगितलं, दार कोणाचं बंद होतं ते सांगितलं. पोरीचं नाव कोणी विचारलं काय?"

मी नर्स. आयुष्यभर माझ्या रजिस्टरात पहिला रकाना मुलगा की मुलगी हाच असे.

"काय नाव होतं?" मी विचारलं.

"सुजाता. मनातच ठेवलं होतं. नवऱ्यालेबी नाही सांगितलं."

मी पर्समधून पेन काढलं आणि सरांनी कोरं ठेवलेल्या त्या पानावर लिहिलं. 'जा'चा काना वाकडा आला. खाली लिहिलं, मुलगी, एक दिवस. आणखी काय लिहावं ते सुचेना. कोण आलं, कोण झोपलं होतं, कोणी कुणाला अडवलं, यातलं काहीच मला त्या पानावर लिहावंसं वाटलं नाही. ते अजूनही माझ्या डोक्यात तसंच गुंतून आहे.

कमलनं भाजीचे हात पदराला पुसले आणि सरकून जवळ बसली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं.

"आणखी एक डाव."