दिराच्या पायरीखालचं जाळं

नवरा गेल्यावर तिच्याकडे एकच धड जाळं उरलं होतं. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, दोन खांबांमध्ये ते लावायचं आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर येईल ते पकडायचं. हल्ली मासे कमी आणि कचऱ्याच्या पिशव्याच फार.

पिशव्या कुणाच्या, हे विचारायला नको. वरच्या काठावर दिराची खानावळ. पिशवीच्या तोंडाची जावेची दुहेरी गाठ तिनं झोपेतही ओळखली असती.

"भावोजी, तुमचं सामान परत आणलंय."

"ओहोटीला सोडलेलं परत कसं येईल, वहिनी? समुद्रात गेलं ते!"

"कुठलं जातंय! गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सांध्यावर घुटमळतं, भरतीबरोबर वर येतं, ओहोटीला परत खाली. ही पिशवी तिसऱ्यांदा भेटतेय मला. आता तिला चहा विचारायचा बाकी राहिलाय."

दीर हसला. "जाळ्यात येईल ते जाळेवाल्याचं. काठाचा नियम आहे. मासे आले की मला वाटा देता का?"

त्याच आठवड्यात ओझ्यानं जाळ्याची कड उसवली. आणखी एकदा असं झालं की पोटावर पाय.

दुसऱ्या ओहोटीला तिनं जाळं उचललं आणि थेट खानावळीच्या पायरीखाली लावलं. वरून पिशव्या पडल्या, त्या तिथंच अडकल्या. भरतीनं वर आणून ठेवलेल्या जुन्याही येऊन मिळाल्या. जाळं फुगलं, पाणी तुंबलं, पायरीवर घाण चढली. गिऱ्हाईकं नाकाला रुमाल लावून उठायला लागली.

दीर सुरी घेऊन धावत आला.

"कापा ना," ती पायरीवर मांडी घालून बसली. "लावलेल्या जाळ्याला मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, हाही काठाचाच नियम. ते बघा, सगळे जाळेवाले बघतायत. उद्यापासून मासळी कुठून आणणार?"

काठावर बाकीचे जाळेवाले आपापली जाळी सोडून उभे होते. दिरानं सुरी खाली घेतली.

"उचला ना, वहिनी!"

"मी एकटी बाई, भरलेलं जाळं कशी उचलू? हात लावायची परवानगी देते. उतरा."

तो कमरेएवढ्या चिखलात उतरला. एकेक पिशवी ओढून वर फेकताना त्यानं तिच्या माहेरच्या सगळ्यांची आठवण काढली.

"मोठ्यानं बोला, गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही."

शेवटच्या ओढीत टर्र असा आवाज झाला. जाळं मधोमध फाटलं. वर चढताना दिराच्या तोंडावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

तिनं जाळं विणायची सुई काढली आणि त्याच्या गल्ल्यावर आपटली.

"बसा शिवायला."

"मला नाही येत."

"मलाही भांडता येत नव्हतं, भावोजी. तुमच्या घरात येऊन शिकले. बसा!"