लेकीच्या औषधाची वाट

देगलूरच्या अडत बाजारात शेषेराव सौद्याची बोली पुकारायचा. तेलंगणातून उडीद घेऊन आलेल्याशी तेलुगूत, बिदरकडच्याशी कानडीत, बाकीच्यांशी आपल्या मराठीत. आवाज पार फाटकापर्यंत जायचा. गालात सकाळपासून तंबाखूची गोळी असायची, ती जेवणापुरतीच बाहेर निघायची.

त्याची लेक शिल्पा नांदेडला संशोधन करत होती. दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं आईबापाला आपलं काम समजावून सांगितलं. डोळ्याला न दिसणारे लोखंडाचे कण तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, बाहेरून सारखं उलटसुलट होणारं चुंबक लावायचं. कण तापतात, गाठ मरते, आजूबाजूचं चांगलं मांस वाचतं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. अजून हे पेशींवर आणि उंदरांवरच चाललंय, हेही ती म्हणाली; पण शेषेरावाचं मन ‘गाठ मरते’ इथंच अडकलं.

कारण जिभेच्या कडेला त्याला तेव्हाच फोड होता. कुणाला बोलला नव्हता. दवाखान्यात गेलो तर जीभ कापतील, आणि जीभ गेली तर आपलं उरलं काय? लेकीचं काम पुरं होऊ दे, तिच्याकडूनच करून घेऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं. तंबाखू सोडली आणि वाट बघत राहिला.

उन्हाळा लागता लागता घास गिळेना, कान ठणकायला लागला. बायकोनं, सिंधुबाईनं, तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि त्याच दिवशी त्याला नांदेडला नेलं. रोग जबड्यात उतरला होता. आधी आला असता तर थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकड्यावर शेषेरावानं शिल्पाला हळूच विचारलं, “तुझं ते तापवायचं औषध कधी व्हायचं? त्याच्यासाठीच थांबलो होतो, माय.”

शिल्पा त्याच्याकडे वळली. “अण्णा, ते माणसाला देत न्हाईत अजून. मी सांगितलं होतं.”

“सांगितलं असशील,” तो म्हणाला. तिला दोष द्यायचं त्याच्या मनातही नव्हतं.

अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा गेला. नंतर किरणांचे शेक झाले. पुकारणाऱ्या गळ्यातून नुसती घरघर यायची, ती सिंधुबाईलाच कळायची. थंडी पडायच्या सुमारास मानेत पुन्हा गाठ आली, आणि या वेळी डॉक्टरांनी कापायचं नावही काढलं नाही.

तपासणीला आला असताना त्यानं खुणेनं हट्ट धरला, तुझं काम दाखव. शिल्पानं त्याला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेखाली कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीनं वाढत होत्या. त्यानं मोबाईलवर लिहिलं, ‘कुणाच्या?’

“एका पेशंटच्या. लई वर्षांपूर्वीच्या. तो माणूस आता न्हाई.”

शेषेराव बराच वेळ काचेत बघत राहिला. मग त्यानं आपल्या मानेकडे बोट केलं आणि तेच बोट काचेकडे नेलं. शिल्पाला कळलं. तिनं मान फिरवून डोळे पुसले. गाठीतल्या पेशी अशा घेता येतात, पण समितीची परवानगी लागते, असं तिनं सांगितलं. त्याच दिवशी अर्जही केला.

परवानगी यायच्या आधीच तो गेला.

बापाचे दिवस झाल्यावर शिल्पा नांदेडला परतली. पेशी वाढवायची उबदार पेटी उघडून तिनं काच पाहिली. त्या अनोळखी माणसाच्या पेशी वाढतच होत्या.