पिवळ्या बोयापर्यंत

गेल्या रविवारी सकाळी पोहणं, सायकल, धावणं अशा ट्रायथलॉन रेससाठी अल्टोनाच्या बीचवर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रस्त्यांवरचं घाण पाणी समुद्रात उतरलं होतं. रेसवाल्यांनी माइकवर जाहीर केलं... स्विम रद्द. आधी धावा, मग सायकल, मग पुन्हा धावा.

बरेच जण खूश झाले. माझ्या शेजारी विद्या पोहायचा वेटसूट कमरेपर्यंत चढवून उभी होती. तिने तो सावकाश उतरवायला घेतला.

विद्या जवळच्याच ट्रुगानिनाची, माझ्या ट्रायथलॉन ग्रुपमधली. लहानपणी गावच्या विहिरीत चुलतभाऊ उड्या मारायचे आणि हिला काठावर कपडे सांभाळायला बसवायचे. पोहायला शिकली ती पन्नाशीनंतर, इथे परदेशात. रेसला नाव दिलं ते फक्त पाण्यासाठी. आणि याच आठवड्यात ती आजारी सासूबाईंसाठी कायमची नाशिकला परत जाणार होती...

या ग्रुपला मी शिकवते, आणि मी कडक आहे. 'हेडमास्तरीणबाई' हे नाव विद्यानेच ठेवलेलं. पूलच्या तळाला काळी रेघ असते, समुद्रात नसते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने डोळे वर काढून दिशा बघायची. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला बोया लाटेमागे लपतो, तेव्हा त्याच्या मागचं किनाऱ्यावरचं एखादं उंच झाड हेरून ठेवायचं. सायकलवरून उतरल्यावर पाय ऐकत नाहीत, तेव्हा सुरुवातीला लाज वाटेल इतकं हळू धावायचं. हे सगळं मी घोटून घेतलं. आजही तेच सांगेन.

पण माझा आणखी एक नियम होता... पूर्ण अंतर रेसच्या दिवशीच. लांब धावण्यात हे बरोबर आहे, पाय राखून ठेवावे लागतात. मी तोच नियम पाण्यालाही लावला.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी समुद्र ताटासारखा सपाट होता. बाहेर येता येता विद्या कमरेएवढ्या पाण्यात थांबली. रेसमध्ये जिथून वळायचं असतं त्या लांबच्या पिवळ्या बोयाकडे बघत म्हणाली, "ताई, आज जाऊन येऊया का गं? तू आहेस ना बरोबर."

"प्लॅनमध्ये नाही."

"तुझा प्लॅन म्हणजे एकादशीचा उपास झालाय. शेंगदाणासुद्धा मोजून!"

सगळे हसले. मीही हसले... आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं.

रविवारी विद्या धावली, सायकल चालवली, पुन्हा धावली. शिकवल्याप्रमाणे, हळू सुरुवात करून. गळ्यात मेडल पडलं, फोटो झाले. मग तिने ते काढून माझ्या हातात ठेवलं.

"मी याच्यासाठी नव्हते आले, ताई. तुझ्याकडेच राहू दे."

रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस मी रोज सकाळी बीचवर जाऊन आले. 'पोहू नका'चा बोर्ड हलला नाही. गुरुवारी तिला एअरपोर्टला सोडलं.

आज बोर्ड निघाला होता... समुद्र पुन्हा तसाच, ताटासारखा. ग्रुपमधली नवीन मुलगी, नेहा, बोयाकडे बघत उभी होती. छान पोहते, पण मला विचारायची तिची हिंमत नव्हती.

"चल," मी म्हटलं. "डोळे वर ठेव. मी शेजारी आहे."

गेलो. बोयाला हात लावला. शेवाळाने बुळबुळीत झालेलं, रंग उडालेलं प्लास्टिक. नेहा ओरडली, हसली, तिने पाणी उडवलं... किनाऱ्यावर परतल्यावरही मी बराच वेळ गॉगल्स काढले नाहीत.

कोणाला पोहायला शिकवत असाल, तर एवढंच ऐका. पाणी शांत असेल, सोबत असेल आणि माणूस तयार असेल, तर त्याच दिवशी जाऊन या. रेस पुढच्या वर्षीही असते. माणूस असेलच असं नाही.

विद्या, मेडल माझ्याकडे आहे. न्यायला ये... विमानातून उतरलीस की आधी बोया, मग चहा. प्लॅन नाही बघणार.