अखंड वदमला

माउंट वेलिंग्टनला आमच्या गल्लीत राहणाऱ्या लॅटव्हियन आजींनी मला फसवलं. दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. ओटाहुहूत माझं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं कापडाचं दुकान होतं, आणि घासाघिशीत मी कुणाला ऐकत नसे.

आजी हॅमिल्टनला लेकीकडे राहायला जाणार म्हणून घर रिकामं करत होत्या. गॅरेजमध्ये जाड, करड्या लोकरीचा तागा होता. पुण्याहून बाबा येणार होते. त्यांच्या कोटापुरतं कापड मला हवं होतं.

"आजी, अर्धाच द्या."

"ही वदमला," त्या म्हणाल्या. "अर्धा शब्द कापड, अर्धा शब्द माप. ही अखंडच द्यायची. कापली की वदमला कसली?"

आमच्याकडे नव्या कपड्याला कुंकू लावल्याशिवाय घडी मोडत नाहीत. यांचाही असाच काही नेम असणार, असं मी धरलं. पूर्ण तागा घेतला आणि कात्री लावायची हिंमत होईना.

बाबा आले. इकडे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा; महिनाभर हीटरला चिकटून बसायचे.

"अहो, कोट कधी शिवताय? बाबा परत गेल्यावर?" बायको विचारायची.

"कुणाचा नेम मोडून शाप घेऊ का?" मी खेकसायचो.

ऑगस्टमध्ये बाबा खोकतच पुण्याला परतले.

मग आजींची लेक राहिलेलं सामान न्यायला हॅमिल्टनहून आली. आमच्या घरी तागा तसाच पाहून हसत सुटली. "हे कोटासाठीच विणतात! तुम्ही अर्धा मागितला असेल, आईला तो अख्खा खपवायचा असेल."

"आणि अर्धा शब्द माप, असं त्या म्हणाल्या ते?"

"छे! आमच्या भाषेत 'मला' म्हणजे कड. लहानपणापासून मी तेच समजते."

मी तडक लायब्ररी गाठली. जाडजूड कोशात निघालं की शब्द मूळचा लॅटव्हियन नाहीच. जर्मन व्यापाऱ्यांकडून आलेला, आणि त्यांच्याकडे अर्थ कापड आणि माप. त्यांच्याही उत्तरेकडच्या देशांत तर ठरीव लांबीचं हे कापड नाण्यासारखं चालायचं. म्हणजे आजी खऱ्या, लेक चुकली. पण कात्री लावू नये असं कुठेच नव्हतं. मग त्यांनी खरं सांगून मला गंडवलं, की नेम मीच माझ्या घरचा तिथे नेला? डोकं चालेना, राग मात्र चढत गेला.

हॅमिल्टनला फोन लावला. आजींनीच उचलला.

"आजी, माझे बाबा अख्खा हिवाळा कुडकुडले. कुणामुळे, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. सांगा. तोवर मी फोन ठेवणार नाही."